उणे अठरा

बुधवारी सुनेची अर्धीच पाळी होती. दुपारी घरी आल्या आल्या तिने फ्रीझरचं दार उघडून दुधाची एक पिशवी उचलली आणि ती पिशवी तिच्या हातात वाकली. गोठलेलं दूध वाकत नाही. तिने दुसरी उचलली, मग तिसरी. नंतर ती एकेक न उचलता नुसती दाबून बघत गेली आणि शेवटी तिथेच फरशीवर बसली.

सत्तावीस पिशव्या होत्या. रजेचे शेवटचे दीड महिने पहाटे उठून, झोप मोडून, यंत्राने काढून साठवलेलं अंगावरचं दूध. प्रत्येक पिशवीवर तिच्या बारीक अक्षरात तारीख. नवरा जहाजावर, तो घरी यायला अजून चार महिने. ती रुग्णालयात एक्स-रे काढायची आणि या सोमवारीच पुन्हा कामावर रुजू झाली होती. पाच महिन्यांच्या लेकीची दुपार या पिशव्यांवर निघायची होती. आता त्यातली एकही पाजण्यासारखी नव्हती.

"बाबा!" तिने हाक मारली. सासऱ्यांना ती क्वचितच इतक्या मोठ्याने हाक मारत असे.

सासरे म्हणजे मास्तर. शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी फ्रीज दुरुस्त केले आणि दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना कान पिळून पिळून तो धंदा शिकवला, म्हणून मास्तर. त्यांची एक ख्याती होती. फ्रीजच्या आतल्या भिंतीला उलटा हात लावायचे, डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. उणे बारा. उणे सोळा. मग थर्मामीटर लावला तर फार तर एका अंशाचा फरक निघायचा. लोक गंमत म्हणून बघायला यायचे आणि मास्तर वरवर वैतागल्यासारखं करून मनातून सुखावायचे.

तर मास्तर आले. दारावरचा आकडा त्यांनी तिरक्या डोळ्याने बघून घेतला. उणे अठरा. मग आत उलटा हात घातला, डोळे मिटले.

"थंड आहे," ते म्हणाले. "मशीन ठणठणीत आहे. रविवारीच तर मी स्वतः नीट केलंय. दार उघडं राहिलं असणार."

दार उघडणारं माणूस घरात एकच होतं. बाळाला सांभाळणाऱ्या मावशी बाळाला खांद्यावर टाकून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. रोज सकाळी एक पिशवी काढायची, कोमट पाण्यात धरायची, बाटलीत ओतायची, हे सोमवारपासून त्यांचं काम; गोठलेली पिशवी कितपत कडक असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"मी गुडघ्याने दाबून लावते दार," मावशी म्हणाल्या. "रोज."

"एकदा तरी नीट बघायचं होतं ना, मावशी!" सून म्हणाली आणि रडायला लागली. रडताना ती आणखी दोनचार वाक्यं बोलली. रागात माणूस बोलतं तशी, म्हणजे परत घेता न येणारी.

मावशींनी तिच्याकडे बघितलंच नाही. त्या मास्तरांकडे बघत होत्या. बराच वेळ. मास्तरांनी नजर फिरवून फ्रीझरच्या दाराची रबरी पट्टी तपासायला घेतली, जशी काही सगळी गोम त्या पट्टीतच होती. मावशींनी बाळाला पाळण्यात ठेवलं, घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला घालून त्या जिना उतरून गेल्या. सुनेने त्यांना थांबवलं नाही. मास्तरांनी किल्ली उचलून खिशात टाकली. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता खरं काय ते सांगून टाकायला हवं. मास्तरांच्या हाताला काहीही कळलं नव्हतं. थंड नाही, गरम नाही, भिंत आहे की कापूस आहे तेही धड नाही. वर्ष झालं, त्यांच्या दोन्ही हातांची जाण बोटांपासून मनगटापर्यंत हळूहळू गेली होती. डॉक्टरांनी नसांचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, ते मास्तरांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन मूग गिळून बसले. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, म्हणून ते लवकर उठायला लागले. पेला हातून निसटला की फरशीला दोष द्यायचे, ओली आहे म्हणून. बुधवारी त्यांनी डोळे मिटले आणि आत हात धरला, तेव्हा ते मनातल्या मनात फक्त दारावरचा आकडा वाचत होते.

आणि रविवारचं प्रकरण तर त्याहून वाईट. रविवारी फ्रीझर पिंपिं करायला लागला, आकडा लुकलुकायला लागला. मास्तरांनी निदान अचूक केलं: आतला सेन्सर गेला. सेन्सर म्हणजे वायरीच्या टोकाला असलेलं एक मण्याएवढं डोकं. आत किती थंडी आहे ते हे डोकं मशीनला कळवतं, आणि मशीन त्याचं ऐकून चालतं किंवा थांबतं. डोक्याने चुकीचं कळवलं तर मशीन बापडं चुकीचंच वागणार. मास्तरांच्या पत्र्याच्या डब्यात जुने-नवे पंधरावीस सेन्सर एकत्र पडलेले असत. त्यांत दोन जाती. दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचं डोकं केसभर जाड. डोळ्यांना तो फरक दिसत नाही. चिमटीत फिरवला की कळतो. मास्तर आयुष्यभर चिमटीत फिरवूनच निवडत आले.

रविवारीही फिरवला. एक, दुसरा, तिसरा. काही कळेना. कपाटात मीटर होता, मोजून बघता आलं असतं. पण मीटर काढणं म्हणजे बोटं गेली हे स्वतःशी कबूल करणं. सून समोरच बाळाला घेऊन उभी होती आणि लेकीला सांगत होती, "बघ, आजोबा कसे पटापट करतात!" मास्तरांनी एक सेन्सर उचलला, बसवला, आपल्या पद्धतीने पांढऱ्या सुती दोऱ्याने वायर बांधली आणि दार लावलं. दोन तासांत आकडा उणे अठरा झाला. मास्तरांनी शीळ घातली.

गुरुवारी सून कामावर गेली. जाताना बाटलीत ताजं दूध ठेवून गेली, तेवढंच निघालं होतं. "अकरा वाजता कोमट करून द्या बाबा. जमेल ना?"

"चाळीस वर्षं काय माशा मारल्या?" मास्तर म्हणाले.

अकराला त्यांनी गरम पाण्यात बाटली धरली. मग बाटली उलटी करून दोन थेंब मनगटावर टाकले. थेंब दिसले. ओघळून कोपराकडे गेले. बस्स, तेवढंच. बाळ हात पाय झाडून रडत होतं आणि मास्तर हातातल्या बाटलीकडे बघत उभे होते. एकदम त्यांना मागचे महिने आठवले. सून घरीच होती तेव्हाही वरचं पाणी, औषध द्यायला हौसेने आजोबाच पुढे व्हायचे. थेंब मनगटावर टाकून "झकास!" म्हणायचे. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, मावशी येऊन म्हणायच्या, "द्या आजोबा, मी घेते," आणि बाळाकडे वळता वळता आपल्या मनगटावर दोन थेंब टाकायच्या. मास्तरांना त्याचा राग यायचा. बाईला भारी शिष्टपणा, असं ते मनात म्हणायचे.

बाईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मास्तरांनी बाटलीतलं दूध चमच्यात घेऊन ओठाला लावलं. ओठ पोळला. त्यांनी ती बाटली गार पाण्यात इतका वेळ धरली की बाळाचा आवाज बसला. पाजताना त्यांना बाळाच्या तोंडाकडे बघवेना.

बाळ झोपल्यावर त्यांनी माळ्यावरच्या खोक्यातून जुना काचेचा थर्मामीटर काढला, फ्रीझरमध्ये ठेवला आणि स्टूल घेऊन दारासमोर बसले, परीक्षेच्या निकालाला बसावं तसे. तासाभराने दार उघडलं. दारावर उणे अठरा. काचेत उणे तीन.

काच खोटं बोलत नाही. मावशींचा गुडघाही खोटं बोलत नव्हता.

सेन्सर काढायला त्यांनी हात घातला, पण वायरीच्या टोकाचा खटका नखाएवढा असतो. तो दाबला जातोय की नाही ते बोटांना कळेना. दोनदा प्लास्टिकचा तुकडा मोडता मोडता राहिला. मग त्यांनी फोन लावला तो ठोंब्याला. ठोंब्या हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी शिकायला आलेल्या या पोराने पहिल्याच दिवशी कॉम्प्रेसर उलटा ठेवला होता. आता त्याच्या हाताखाली सहा माणसं होती, केस पांढरे झाले होते, पण धंद्यात त्याला अजून सगळे ठोंब्याच म्हणत.

"मास्तर, तुम्ही मला बोलावताय?" फोनवर तो हसला. मग मास्तर हसले नाहीत, म्हणून गप्प झाला. "आलोच."

ठोंब्या आला, मास्तरांच्या पाया पडला आणि फ्रीझरपुढे मांडी घालून बसला. खटका दाबला, सेन्सर काढला. पांढरा दोरा सोडवताना त्याची बोटं जरा थबकली. प्लास्टिकची पट्टी थंडीत तडकते, म्हणून सुती दोरा, दोन वेढे आणि एक गाठ: असं बांधणारं माणूस त्याच्या माहितीत एकच होतं.

"एक पेला आणि थोडा बर्फ मिळेल?"

फ्रीझरमध्ये बर्फ कुठला? शेजारणीकडून आणावा लागला. फ्रीझर दुरुस्त करणाऱ्याच्या घरातून बर्फ मागायला माणूस गेलं, हीही शोभा त्या दिवशी व्हायचीच होती. ठोंब्याने बर्फ ठेचून पेल्यात भरला, वर थोडं पाणी घातलं, ढवळलं आणि त्यात सेन्सरचं डोकं बुडवलं. बर्फाच्या पाण्याचं तापमान शून्य असतं, ना वर ना खाली. त्यात सेन्सरचा विजेला होणारा अडथळा किती हजार ओहम भरतो, ते मीटरवर बघायचं; थंडी जितकी जास्त, तितका तो जास्त. मास्तर दर नव्या पोराला हेच पहिल्यांदा शिकवायचे: सेन्सरला आधी आंघोळ, मग नोकरी. जो आंघोळ चुकवायचा त्याला ते दिवसभर दुकान झाडायला लावायचे.

"याला सोळा यायला हवेत," ठोंब्या म्हणाला.

मीटरवर बत्तीस आले. बरोब्बर दुप्पट.

ठोंब्याने सेन्सर पुसला, चिमटीत धरला, एकदा फिरवला. त्याला तेवढ्यात कळलं. मास्तरांनी त्याच्या चेहऱ्यावर ते कळताना बघितलं आणि त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"जाड डोक्याचा आहे," ठोंब्या हळूच म्हणाला. "मशीनला वाटतंय आत कडाक्याची थंडी पडलीय, म्हणून ते लवकर थांबतंय." तो वायर गुंडाळत राहिला. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिला.

"ठोंब्या, मला बोटांना कळत नाही," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"मीटर होता की घरात, मास्तर."

"होता."

ठोंब्याने दोन शब्द सुनावले असते, दुकान झाडायला लावलं असतं, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्याने स्वतःच्या पेटीतून बारीक डोक्याचा सेन्सर काढला, त्याला आंघोळ घातली, सोळा आले, बसवला आणि वायर सुती दोऱ्याने बांधली. दोन वेढे, एक गाठ.

"वहिनींना मी सांगतो, नवा सेन्सर खराब निघाला म्हणून," तो उठता उठता म्हणाला. "आजकाल मालच तसा येतो. कुणी काही विचारणार नाही."

मास्तर नको म्हणाले नाहीत.

सून साडेपाचला आली. ठोंब्याने ठरल्याप्रमाणे सांगितलं, आत उणे तीनच होते तेही सांगितलं, मालाच्या नावाने बोटं मोडली आणि पेटी उचलून तो गेला. सून दाराशी पर्स घेऊन तशीच उभी राहिली.

"म्हणजे दार उघडं नव्हतं?"

"दाराचा संबंध नव्हता," मास्तर म्हणाले.

"अरे देवा," ती म्हणाली. "मी त्यांना काय काय बोलले, बाबा." तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. बाळाला उचललं. "चला. आत्ताच जाऊ. त्यांचं घर तुम्ही पाहिलंय ना?"

वाटेत ती भराभर चालत होती आणि स्वतःलाच दूषणं देत होती. माझीच जीभ सैल, माझाच राग वाईट, पाच महिने ज्या बाईने जीव लावला तिला मी असं बोलले. मास्तर दोन पावलं मागून चालत होते. प्रत्येक शब्द त्यांचा होता आणि ती तो स्वतःच्या अंगाला लावून घेत होती. तिला थांबवायला ते तोंड उघडायचे आणि नुसतं खोकायचे.

मावशी चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. खाटेवर दुसऱ्यांच्या कपड्यांचे ढीग, इस्त्री तापत ठेवलेली. सुनेला बघून त्यांनी इस्त्री बंद केली आणि हात पुसून आधी बाळाच्या गालाला लावला. सून रडली, माफी मागितली, सेन्सरचं सगळं सांगितलं. "माल खराब निघाला हो मावशी, आणि मी तुमच्यावर घसरले."

"होतं असं," मावशी म्हणाल्या. "दुधाचं दुःख मला कळत नाही का? बसा, चहा टाकते."

सगळं छान मिटत होतं. अजून पाच मिनिटं, एक कप चहा, की मास्तर सुटले असते. तेवढ्यात सुनेने डोळे पुसले आणि मनात काही नसताना सहज विचारलं, "पण बाबा, बुधवारी तुम्ही आत हात लावून थंड म्हणालात. उणे तीन आणि उणे अठरातला फरक तुम्हाला कळला नाही?"

ओट्याकडे वळलेल्या मावशी पाठमोऱ्याच, घाईघाईने म्हणाल्या, "अहो, बाहेरच्या या उकाड्यातून आत हात घातला की थंडच लागतं. कुणालाही फसायला होईल."

हे दुसऱ्यांदा होतं. बुधवारी त्या गप्प राहून त्यांना झाकत होत्या, आज बोलून. जिला त्यांनी चोरासारखं घराबाहेर जाऊ दिलं, ती बाई पातेल्यात पाणी ओतता ओतता त्यांची लाज सांभाळत होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मेलेल्या माणसाला कशाची भीती? ते बोलले.

"मला कळत नाही. हाताला काहीच कळत नाही, वर्षभर. माल चांगला होता, मी चुकीचा उचलला. बोटांना फरक कळेना, तरी बसवला. बुधवारी हात लावला तेव्हाही काही कळलं नव्हतं. आकडा वाचला आणि थंड म्हणालो. ठोंब्या माझ्यासाठी खोटं बोलला. आणि यांना," त्यांनी मावशींच्या पाठीकडे मान वळवली, "हे सगळं आधीपासून ठाऊक होतं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. एक्स-रे बघायची सवय असलेली मुलगी, तिला पुढचं दिसायला वेळ लागला नाही.

"बाटली," ती म्हणाली. "तुम्ही मनगटावर बघायचात."

"हो."

तिने बाळाला उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतलं. मुद्दाम नाही, आपोआप. मास्तर तिच्या उजव्या बाजूला बसले होते.

"रोज मी बघत होते," मावशी लगेच म्हणाल्या. "त्यांच्यानंतर रोज. एकदाही चुकले नाही. पिल्लाला कधी चटका बसला नाही."

"मग बुधवारी का नाही बोललात?" सुनेचा आवाज चढला. "एक वाक्य बोलायचं होतं. तुम्ही तिथल्या तिथे सुटला असता!"

मावशींनी गॅस बारीक केला. "मी किल्ली ठेवून निघून येऊ शकत होते, ताई. यांना त्याच घरात राहायचंय."

चहा उकळून वर आला आणि मावशींनी तो गाळला. मास्तरांना किल्लीची आठवण झाली. त्यांनी खिशात हात घातला आणि बोटांनी चाचपलं, पण कुठलं काय हाताला लागतंय ते कळेना. आजवर अशा वेळी ते पाठ फिरवून खिशात डोकावून बघायचे. आज त्यांनी खिसा सगळ्यांसमोर खाटेवर उलटा केला. दोऱ्याचं रीळ, चष्मा पुसायचं फडकं, एक स्क्रू, जाड डोक्याचा तो सेन्सर. त्यांतली किल्ली त्यांनी डोळ्यांनी शोधली आणि दोन्ही हातांत धरून मावशींपुढे केली.

"उद्यापासून या," ते म्हणाले. "मी आत हात लावून काहीतरी सांगायला लागलो, तर सगळ्यांसमोर सांगा, की यांना कळत नाही."

मावशींनी किल्ली घेतली आणि चहाचे कप समोर ठेवले. मास्तरांनी कपाकडे हात नेला. तेवढ्यात सून पुढे वाकली. तिने त्यांच्या कपाला स्वतःची बोटं लावली आणि कप जरासा मागे सरकवला.

"अजून गरम आहे, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती असं म्हणता येणार नाही. राग अजून तसाच होता. मास्तर हात मांडीवर ठेवून, चहा निवायची वाट बघत बसून राहिले.